धापेचा प्रश्न कोणाच्या भाषेत?

जुन्या फुप्फुसरोगाच्या रोग्याला डॉक्टर नळीत जोराने फुंकायला लावतात आणि हवेचे माप घेतात. हे माप आवश्यकच आहे. पण ते सगळे सांगत नाही. माप सारखेच असले तरी एक रोगी कुळव धरतो आणि दुसऱ्याला सदरा घालतानाही धाप लागते. म्हणून रोग्यालाच विचारण्याची रीत निघाली. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयातील डॉ. पॉल जोन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली ५० प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिचे गुण शून्य ते शंभर. गुण जितके अधिक, तितका त्रास अधिक. उपचारानंतर चार गुण कमी झाले, तर रोग्याला खरोखर फरक पडला असे धरतात.

ही प्रश्नावली इंग्रजांच्या घरची. तिच्यातील एका प्रश्नात टेकडी चढणे, बागेतील तण काढणे, नाचणे आणि गोल्फ खेळणे ही उदाहरणे एकत्र दिली आहेत. आता तुर्कस्तानातील अनातोलियाच्या पठारावरील शेतकरी बाई डोळ्यांपुढे आणा. तण काढणे तिला कळते, गोल्फ कळत नाही. तिचे श्रम म्हणजे शेणाच्या गोवऱ्या थापणे आणि जमिनीतल्या तंदुरावर वाकून रोटी भाजणे. गोवरीला तिकडे ‘तेझेक’ म्हणतात. हा धूर वर्षानुवर्षे छातीत गेल्याने विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकांनाही हा रोग जडतो, हे तेथील डॉक्टरांनी तपासून दाखवले आहे. “गोल्फ मी खेळतच नाही,” म्हणून तिने “नाही” असे उत्तर दिले, तर कागदावर तिचा त्रास कमी दिसेल आणि उपचारही तोकडा पडेल.

तेव्हा नुसते भाषांतर पुरत नाही. चांगल्या पद्धतीत दोघे जण वेगवेगळे भाषांतर करतात. मूळ न पाहिलेला तिसरा ते उलट इंग्रजीत नेतो. मग दोन्ही ताडून पाहतात. पुढे ते रोग्यांपुढे ठेवतात आणि काही दिवसांनी पुन्हा विचारून उत्तरे टिकतात का ते बघतात. तुर्की डॉक्टरांनी २०१२ साली आठ प्रश्नांच्या एका छोट्या चाचणीची आणि २०१३ साली सेंट जॉर्ज प्रश्नावलीची अशी पारख प्रसिद्ध केली. हे काम मोलाचे आहे.

कोणी म्हणेल, देशोदेशी प्रश्न बदलले तर आकड्यांची तुलना कशी करायची? शंका रास्त आहे. माझे मत असे की माप तेच ठेवावे, पण मापात धान्य त्या शिवारातले असावे. गोल्फच्या जागी तितक्याच श्रमाचे तिथले काम घालावे. आणि शेवटचा शब्द शहरातील भाषांतरकाराचा नसावा. ज्याला उत्तर द्यायचे आहे त्याचा असावा.

आपल्याकडेही चुलीचा धूर आणि मळणीची धूळ आहेच. डॉक्टरांनी विचारले तर “बरं आहे” म्हणून उठू नका. विहिरीवरून घरी येताना किती वेळा थांबावे लागते, घागर कुठे खाली ठेवावी लागते, ते सांगा. प्रश्न समजला नाही तर तसेही सांगा. त्यात लाज कसली?