स्वस्ताई आणि उधारीची वही

हल्ली जेथे चार पगारदार माणसे एकत्र बसतात तेथे एक प्रश्न हटकून निघतो: शहरातील मोठ्या स्वस्त भांडारांतून माल आणावा, की गावच्या दुकानदाराकडूनच घ्यावा? आमच्या शिक्षकांच्या खोलीतही मधल्या सुटीत हा वाद रंगतो, आणि त्याचा निकाल बहुधा तासाची घंटाच लावते. एक पक्ष म्हणतो, घामाचा पैसा जेथे अधिक माल देईल तेथे तो जावा, यात पाप कोणते? दुसरा म्हणतो, आपण मुंबईच्या भांडवलवाल्यांची तिजोरी भरतो आणि शेजाऱ्याची चूल विझवितो. दोन्ही पक्षांची बाजू आम्ही पुष्कळ वेळा ऐकली. परंतु बीडसारख्या जिल्ह्यात ज्या माणसाचा या वादाशी सर्वांत निकट संबंध, त्याचे नाव दोन्हीकडून क्वचितच निघते, असे आम्हांस दिसून आले. तो माणूस म्हणजे ज्याच्या हाती रोख पैसा नाही तो.

प्रथम या स्वस्ताईचे मूळ पाहिले पाहिजे; कारण तीत जादू नाही, आणि दरवेळी लबाडी असते असेही नाही. श्री. राधाकिशन दमानी यांनी २००२ साली मुंबईस पवई येथे डी-मार्टचे पहिले भांडार उघडले. आज त्या भांडारांची संख्या ४०० च्या वर गेली आहे. त्यांची रीत साधी आहे. जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची, सजावट बेताची, जो माल झपाट्याने खपतो तोच मुख्यतः ठेवावयाचा, कारखानदाराचे पैसे लवकर चुकते करावयाचे व त्याबद्दल त्याजकडून भावात सवलत घ्यावयाची, आणि त्या सवलतीचा मोठा भाग गिऱ्हाइकास द्यावयाचा. आमच्या गावच्या दुकानदाराची स्थिती याच्या उलट. कारखान्यातून निघालेला साबण मोठ्या अडत्याकडून लहान अडत्याकडे व तेथून त्याच्या फळीवर येतो. वाटेत प्रत्येकाचा हात ओला होतो. तो बारा वड्या घेतो, बारा हजार नव्हे. शिवाय त्यातील निम्मा माल उधारीवर जातो. अशा माणसाने भांडाराच्या भावाशी बरोबरी करावी असे म्हणणे म्हणजे बैलगाडीने आगगाडीशी शर्यत लावावी असे म्हणण्यासारखे आहे. आणि आता तर १७ सप्टेंबर २०२५ पासून बीडहून अहिल्यानगरास खरोखरच आगगाडी धावू लागली आहे. ज्या गाडीची आमच्या वडिलांनी जन्मभर वाट पाहिली ती माणसांबरोबर बाजारही जवळ आणणार, यात शंका नाही.

व्यापाऱ्यांचा रोष आम्हांस समजतो, परंतु त्याने एकदा चुकीच्या दिशेस तोंड केले होते. २०१२ च्या सप्टेंबरात मध्यवर्ती सरकारने अनेक छापांच्या किरकोळ व्यापारात परकी भांडवलास शेकडा ५१ पर्यंत वाटा घेण्याची मुभा दिली, तेव्हा मोठा गहजब उडाला व त्याच महिन्याच्या २० तारखेस देशात ठिकठिकाणी बंद पाळण्यात आला. त्या नियमांत मुख्यतः दहा लाखांवर वस्तीच्या शहरांचा विचार होता. २०११ च्या खानेसुमारीत बीड शहराची वस्ती दीड लाखाच्या आत होती. तेव्हा आपल्याकडील पुष्कळांस वाटले की, वादळ आले तरी ते मोठ्या शहरांवरूनच जाईल. देशी भांडवलास मात्र असली परवानगी कधीच लागत नव्हती. परक्याचा दरवाजा अडवीत बसलेल्या माणसाच्या पाठीमागून घरचाच पाहुणा आत येऊन बसला, असा हा प्रकार झाला.

हा पाहुणा कायमचा राहील याचीही हमी नाही. चेन्नईत १९९७ साली निघालेल्या सुभिक्षा नावाच्या स्वस्त दुकानांच्या साखळीने देशभर सुमारे १६०० दुकाने मांडली, आणि २००९ साली ती बंद पडली. नोकरांचे पगारदेखील थकले. २००१ साली मोठ्या थाटाने सुरू झालेल्या बिग बझारची पुष्कळशी दुकाने २०२२ साली कर्जापायी दुसऱ्याच्या हाती गेली. शहरात एक दुकान मिटले तर दुसरे उघडते. परंतु ज्या तालुक्याच्या गावी चार लहान दुकाने आधीच बंद पडली असतील, तेथे पाचवे मोठे दुकान उठून गेल्यावर लोकांनी कोठे जावे?

आता आमच्या मूळ मुद्द्याकडे येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातील लाखो स्त्रीपुरुष पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे ऊसतोडीस निघतात. नवराबायकोच्या जोडीस एक कोयता म्हणतात. माणसांची गणती हत्याराच्या नावाने व्हावी यातच त्या जिण्याची सारी कथा आली. मुकादमाकडून उचल मिळते, पण ती जुने देणे, लेकीचे लग्न, दवाखाना यांत गाव सोडण्यापूर्वीच संपते. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले. टोळी परत येईपर्यंतच्या पाच-सहा महिन्यांत त्या घरात तेलमीठ कोठून येते? ते गावच्या दुकानदाराच्या वहीतून येते. अमक्याची आई, पाव किलो गोडेतेल. तमक्याचा आजा, चहापूड व साखर. फलाण्याची पोरगी, एक वही व एक पेन्सिल. आम्ही मुलांच्या घरी भेटीस जातो तेव्हा या ओळी पुष्कळदा आमच्या दृष्टीस पडल्या आहेत. मोठ्या भांडाराच्या यंत्रात अशी ओळ लिहिण्याची सोयच नाही. तेथे पैसे टाकावे व पिशवी उचलावी. आणि तेथवर जावयाचे तर गाडीभाडे पाहिजे, म्हणजे पाच किलो साखरेत वाचलेले पैसे वाहकाच्या पिशवीत गेले.

म्हणून आम्हांस असे वाटते की, रोख पैसे देणारा जो जो माणूस गावच्या दुकानावरून उठून शहराकडे जातो, तो केवळ आपला वाचलेला पैसा घेऊन जात नाही. दुकानदाराची उधारी चालते ती रोख गिऱ्हाइकांच्या आधारावर. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, पतपेढीचा कारकून हे महिन्याच्या महिन्यास पैसे देतात म्हणून म्हातारीची वही सहा महिने उघडी राहू शकते. आम्ही पगारदारांनी पाठ फिरविली की दुकानाची फळी तुटण्यापूर्वी आधी ती वही मिटते. हे लिहिताना आम्ही स्वतःस सोवळ्यात बसवीत नाही. छत्रपती संभाजीनगराहून परतताना आम्हीही पिशव्या भरून आणल्या आहेत, आणि भाव पाहून मनास बरेही वाटले आहे.

तथापि त्या वहीचे स्तोत्र गाण्यास आम्ही तयार नाही. तिचा इतिहास काळा आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुपे येथे बाजाराच्या दिवशी रयत उठली आणि तो वणवा आमच्या शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात पोहोचला. लोकांनी सावकारांच्या जिवावर उठण्यापेक्षा त्यांचे रोखे व वह्या हस्तगत करून जाळण्यावरच भर दिला, कारण आपला फास कशाचा आहे हे त्यांस नीट ठाऊक होते. १८७९ साली इंग्रज सरकारास रयतेच्या कर्जासंबंधी निराळा कायदा करावा लागला; आपला मुलूख तेव्हा निजामाच्या अमलाखाली असल्याने त्याचा उपयोग आपल्यास नव्हता. आजही जी पुडी रोख गिऱ्हाइकास दोन रुपये कमी करून मिळते, तीच उधारीच्या गिऱ्हाइकास छापील किमतीस, आणि सुटा माल असेल तर मनास येईल त्या भावास, लिहिली जाते. हा फरक व्याजच होय, परंतु त्यास कोणी व्याज म्हणत नाही. वजनाची तूट निराळीच. खोट्या तागडीविषयी आमच्या शास्त्राचे म्हणणे काय आहे हे वाचकांस सांगावयास नको. व्यापारी बंधू आमच्या सहानुभूतीची अपेक्षा करतात, तर त्यांनी प्रथम काट्याचे तोंड गिऱ्हाइकाकडे फिरवावे.

याच अनुभवातून इंग्लंडातील रॉचडेल गावच्या २८ माणसांनी, त्यांत पुष्कळसे विणकर होते, १८४४ साली आपले दुकान काढले. शुद्ध माल, पुरे वजन, आणि व्यवहार रोखीचा, हे त्यांचे नेम. उधारीने आपल्या वर्गास दुकानदाराचे दास केले आहे अशी त्यांची खात्री होती, म्हणून त्यांनी ती मुळातच तोडली. मुंबईस नायगाव येथे १९४८ साली कामगारांनी उभारलेला अपना बाजार याच वंशातला. या उद्योगांविषयी आम्हांस मोठा आदर आहे. परंतु गिरणीकामगारास महिन्याचा पगार होता. आमच्या ऊसतोड्यास वर्षाची उचल आहे, तीही आगाऊ खर्चलेली. त्याजकडे रोखीचा नेम घेऊन जाणे म्हणजे उपाशी माणसास मिताहाराचा उपदेश करणे होय.

मग उपाय कोणता? सरकारने मोठ्या भांडारांस मज्जाव करावा, असे आम्ही म्हणत नाही. गरिबाचे चार पैसे वाचत असतील तर ते कायद्याने हिरावून घेण्याचा अधिकार कोणास आहे? पण दुकानदारांनी एकत्र यावे, असे मात्र आम्ही आग्रहाने म्हणतो. १ जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रातील वितरकांनी कोलगेटच्या काही मालावर बहिष्कार घातला होता. त्यांची तक्रार अशी की, मोठ्या कंपन्यांस जो भाव मिळतो तो आम्हांस मिळत नाही. तक्रार रास्त होती. परंतु नुसत्या बहिष्काराने फळीवर स्वस्त माल येत नाही. एका तालुक्यातील पन्नास दुकानदारांनी मिळून साबण, चहा, तेल एकदम खरेदी केले, तर भांडाराचा नव्हे, तरी त्याच्या जवळपासचा भाव त्यांस का मिळू नये? साखर कारखाना आणि दूध संघ काढणाऱ्या महाराष्ट्रात हे अशक्य आहे काय? आमच्या मोंढ्यातील शेठ मंडळी एकमेकांचा भाव सांगावयासही तयार नसतात, हे आम्ही जाणून आहो; खरी अडचण तेथे आहे.

हा वाद आमच्या दारी कसा आला ते सांगतो. शाळेच्या वसतिगृहात ऊसतोड मजुरांची मुले राहतात व त्यांचा किराणा वर्षानुवर्षे गावातील एकाच दुकानातून येतो. यंदा समितीच्या एका सभासदाने शहरातील भांडाराची पावती व गावची पावती शेजारी शेजारी ठेवली. फरक डोळ्यांत भरण्यासारखा होता. ते म्हणाले, हा पैसा गरीब मुलांच्या ताटातला आहे. दुकानदाराच्या भिडेस्तव तो दवडण्याचा आपल्यास हक्क नाही. या म्हणण्यास आमच्याजवळ तत्काळ उत्तर नव्हते, आणि आजही पुरते नाही. दुसऱ्या सभासदाने २०२० सालच्या टाळेबंदीची आठवण दिली. पैसे केव्हा येतील याचा पत्ता नसता याच दुकानदाराने अर्धी फळी उघडून मुलांसाठी पीठ व डाळ दिली होती. त्यावर पहिले गृहस्थ म्हणाले, दिली खरी. पण दोन वर्षांपूर्वी डाळीच्या पोत्यात तूट निघाली ती कोणाची? दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

शेवटी असे ठरले की, साबण, चहापूड यांसारखा बंद पुड्यांतील माल दोन महिन्यांनी एकदा भांडारातून आणावा. धान्य, डाळ, गूळ, तेल गावातूनच घ्यावे. वजन अधीक्षकांच्या देखत व्हावे, पावती छापील असावी, आणि उधारीचे दिवस लांबले तर त्याबद्दलची वाढ निराळ्या ओळीत लिहावी. आम्ही स्वतः जाऊन दुकानदारास या अटी वाचून दाखविल्या. साबणाचे गिऱ्हाईक गेले म्हणून ते कष्टी झाले, आणि ते साहजिकच होते. नवा काटा त्यांनी आठ दिवसांत आणला, व त्याचे आकडे आता आमच्या बाजूने दिसतात. वाढीची निराळी ओळ लिहिण्यास मात्र ते अजून कबूल नाहीत. ते म्हणतात, गुरुजी, तुमच्यापुरती लिहीन. पण ती एकदा लिहिली की सारा गाव आपापली ओळ मागावयास येईल.