वीस लिटरचा हिशेब आणि दारातली मोटार

टंचाईच्या काळात गावाला टँकरने पाणी पुरवायचे, तर माणशी दररोज २० लिटर धरून फेऱ्या ठरवाव्यात, असा राज्य सरकारचा जुना दंडक आहे. पिणे, स्वयंपाक, आंघोळ, भांडी आणि कपडे हे सारे त्या वीस लिटरमध्ये. त्याच उन्हाळ्यात शहरातल्या एखाद्या सोसायटीच्या आवारात नळाला नळी जोडून मोटार धुतली जाते. मिनिटाला दहा-बारा लिटर धरले, तरी पंधरा मिनिटांत दीडशे लिटरहून अधिक पाणी फरशीवरून गटारात जाते. टँकरच्या हिशेबाने हे किमान सात-आठ माणसांचे दिवसभराचे पाणी झाले.

हा हिशेब ज्यांना रोज मांडावा लागतो, अशा गावांपैकी शिरूर तालुक्यातील पाबळ हे एक. पुण्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवरचे हे गाव मस्तानीच्या समाधीमुळे अनेकांना ठाऊक असते. परंतु त्याची रोजची ओळख दुष्काळी टापूतले गाव अशीच आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस पूर्वेकडे येता येता विरत जातो आणि पर्जन्यछायेतल्या या पट्ट्याच्या वाट्याला वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस येतो. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधनाचे काम सोडून १९८३ मध्ये येथे विज्ञान आश्रम सुरू केला. तेथील विद्यार्थी जमिनीच्या विद्युतरोधाचे मापन करून भूगर्भातील पाण्याचा अंदाज घ्यायला शिकले. आधी मोजा, मग खर्च करा, ही त्यामागची शिस्त होती. शहरातल्या पाणीबंदीत नेमकी तीच हरवलेली दिसते.

धरणातला साठा खालावला की महापालिकांचा पहिला फतवा निघतो तो पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनने नळाच्या पाण्याने मोटारी धुण्यास मनाई केली होती. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूने अशा वापरासाठी पाच हजार रुपये दंड जाहीर केला. पुण्यातही २०२३ च्या मे महिन्यात एल निनोच्या धास्तीने दर गुरुवारी पाणी बंद ठेवण्याची वेळ आली होती. अशा वेळी बंदी आवश्यकच असते. पण ती राबवणार कोण, हा खरा प्रश्न. गाड्या धुतल्या जातात पहाटे, तपासणीला माणूस निघण्याच्या कितीतरी आधी. शिवाय सरसकट बंदी नळी आणि बादली यांत भेद करत नाही. महिन्याच्या ठरलेल्या पैशांवर आठ-दहा गाड्या पुसणारा गरीब माणूस दोन बादल्यांत काम भागवत असेल, तर त्याची रोजी बुडते. आणि नळी सोडणारा मालक फाटक लावून घेतो.

गाडी मुळीच धुऊ नका, हे सांगणेही व्यवहार्य नाही. काच, दिवे आणि आरसे मळलेले असणे धोक्याचेच आहे. पक्ष्यांची विष्ठा उन्हात तशीच राहिली, तर रंगावर कायमचा डाग पडतो. मात्र पाणी वाचवण्याच्या उत्साहात धुळीने भरलेली गाडी कोरड्या फडक्याने घासणे, हा सर्वांत महागडा उपाय. धुळीतले वाळूचे बारीक कण रंगावर ओरखडे काढतात.

पंधरा-पंधरा लिटरच्या दोन बादल्यांत हे काम नीट होते. गाडी सावलीत आणि गार झालेली असावी. तापलेल्या पत्र्यावर साबण वाळून डाग धरतो. प्रथम ओल्या फडक्याने पाणी निथळवून धूळ भिजू द्यावी. एका बादलीत गाडीचा शाम्पू, दुसरीत स्वच्छ पाणी. टपापासून सुरुवात करून खाली यावे, प्रत्येक भाग झाला की फडके आधी स्वच्छ पाण्याच्या बादलीत खळबळावे आणि मगच पुन्हा साबणात बुडवावे. चाके शेवटी आणि वेगळ्या फडक्याने. कपड्यांची पावडर वापरू नये, ती पॉलिशचा थर काढून टाकते. निघताना सावकाश चालवत ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून कोरडे करावेत. दोन धुण्यांच्या मधल्या दिवसांत काच, दिवे आणि नंबरपाटी पुसण्यास तांब्याभर पाणी पुरते.

पाणी कोणते, हेही पाहावे. दख्खनच्या काळ्या खडकातील बोअरचे पाणी बहुधा जड असते. ते वाळले की पांढरे ठिपके उमटतात, म्हणून गाडी लगेच कोरडी करावी. शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणी चाकांना आणि मडगार्डला चालते. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी क्षारविरहित असल्याने काचेसाठी उत्तम. आणि गावाकडे विहिरीच्या किंवा बंधाऱ्याच्या काठावर गाडी धुण्याची सवय मात्र सोडायलाच हवी. तिथे पाणी कमी लागते हे खरे. पण तेल आणि ग्रीस ज्या पाण्यात उतरते, तेच पुढे कोणाच्या तरी घागरीत जाते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो खोटा नाही. गळक्या जलवाहिन्यांतून शहराचे अपार पाणी वाया जात असताना दोन बादल्यांचे उपदेश कशाला? महापालिकांनी गळती रोखावी, सांडपाणी शुद्ध करून ते सर्व्हिस सेंटरना पुरवावे, ही मागणी लावून धरलीच पाहिजे. परंतु गळतीचे खापर फोडून आपली नळी चालू ठेवणे, हा त्या मागणीचा आधार होऊ शकत नाही. पुण्याच्या नळाला येणारे पाणी ज्या धरणांतून येते, त्याच धरणांच्या कालव्याकडे दौंड-इंदापूरचा शेतकरी डोळे लावून बसलेला असतो. पाबळसारख्या उंचावरच्या गावांना तर कालव्याच्या पाण्याची मागणी करण्यातच वर्षे घालवावी लागली आहेत.

तेव्हा सोसायट्यांनी यंदाच्या उन्हाळ्यात एवढे करावे: आवारातली नळी गुंडाळून ठेवावी, गाड्या पुसणाऱ्याच्या हाती दोन बादल्या आणि चांगली फडकी द्यावीत आणि त्याची रोजी कायम ठेवावी. वाचलेले सव्वाशे लिटर पाणी टँकरसमोर रांगेत उभ्या असलेल्या सहा माणसांचा दिवस भागवू शकते.