निविदेच्या गद्यात कर्ता कोठे आहे?

साहित्याच्या वाचकाला सरकारी कागद वाचण्याची सवय सहसा नसते. ती असावी असे आमचे मत आहे. निदान शाळांसाठी संगणक, प्रोजेक्टर आणि टॅब घेण्याच्या निविदा मराठीच्या शिक्षकांनी एकदा तरी बारकाईने वाचाव्यात. त्या गद्यात वस्तू असतात, मोजमापे असतात, ‘पुरवठा करण्यात यावा’ असे कर्मणी प्रयोग असतात. कर्ता मात्र सापडत नाही. ही वस्तू कोणत्या तासाला कोण वापरणार, बिघडल्यास कोणाकडे जायचे, याविषयी तो मजकूर बहुधा मौन पाळतो.

नागपूर जिल्ह्यातील खापा हे कन्हानकाठचे, सावनेर तालुक्यातले विणकरांचे जुने गाव. गावाला नगर परिषद आहे. भोवतालच्या खेड्यांतील शाळा जिल्हा परिषदेच्या. त्यामुळे शेजारच्या दोन शाळांच्या खरेदीचे मार्गही निराळे. त्यात समग्र शिक्षा, आमदार-खासदार निधी, जिल्हा नियोजन समिती, लोकवर्गणी, आणि मँगनीजच्या खाणींचा प्रदेश असल्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठान! पैसा एवढ्या दारांनी येऊ शकतो, पण पुढच्या पाच वर्षांचा विचार करण्याची जबाबदारी यांपैकी एकाही दारावर लिहिलेली नाही. मागाची किंमत दिली म्हणजे लुगडे विणून झाले असे कोणी विणकर मानणार नाही. शाळेच्या बाबतीत आपण नेमके तेच मानत आलो.

हा इतिहास आजचा नव्हे. केंद्र सरकारने १९८४ मध्ये ‘क्लास’ प्रकल्पातून बीबीसी मायक्रो हे संगणक शाळांना दिले. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेत शैक्षणिक साहित्याच्या पेट्या आल्या आणि अनेक ठिकाणी कपाटातच राहिल्या. वस्तू हरवली तर वसुली आपल्याकडून होईल ही मुख्याध्यापकांची धास्ती त्यामागे होती. (ती धास्ती अनाठायी होती असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.) २००४ मध्ये आयसीटी योजना आली. महाराष्ट्राने ती खासगी कंपन्यांमार्फत राबवली: कंपनीने प्रयोगशाळा उभारायची, पाच वर्षे चालवायची, मग शाळेच्या स्वाधीन करायची. मुदत संपली तशी यंत्रे शाळेकडे आली. ती शिकवणारा माणूस करारावरचा. तो हस्तांतराच्या यादीत नव्हता. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर संगणक शिक्षकांचे मोर्चे आले ते यातूनच.

खरेदीचे वेळापत्रक तर शाळेच्या वेळापत्रकाशी भांडण काढूनच आखलेले असावे. निधी ३१ मार्चपूर्वी खर्ची पडला पाहिजे, म्हणून खोकी मार्चमध्ये येतात. मग परीक्षा, मग सुट्टी. विदर्भातील शाळा उन्हाळ्यामुळे जूनअखेरीस उघडतात. हमीचा काळ पुरवठ्याच्या दिवसापासून मोजला जात असेल, तर वर्षाच्या हमीतले तीन महिने खोके न उघडताच सरतात. तेही विदर्भाच्या बंद खोलीत.

२०१६ मध्ये केंद्राचे ‘जेम’ हे संकेतस्थळ सुरू झाले; त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्याची खरेदी नियमपुस्तिका आली. दरांत उघडेपणा आला, हे मान्यच केले पाहिजे. पण किमान दर म्हणजे किमान खर्च नव्हे. वीजबिल, दुरुस्ती, शिक्षकाचे प्रशिक्षण यांसाठी वेगळी तरतूद नसेल तर स्वस्त यंत्र महागच पडते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शाळांतील कित्येक जुन्या यंत्रांवर पुढची आवृत्ती चालणारच नाही. ही तारीख कंपनीने कित्येक वर्षे आधी जाहीर केली होती. नियोजन म्हणतात ते एवढ्यासाठीच.

आणि मराठीचे काय? प्रक्रियकाचा वेग, स्मृतीची क्षमता, पडद्याची रुंदी यांचा दशांशापर्यंत तपशील देणाऱ्या निविदेत कळफलकावर देवनागरी अक्षरे हवीत, ही अट शोधावी लागते. इन्स्क्रिप्ट कळफलक १९९१ पासून भारतीय मानकात आहे. मराठी माध्यमाच्या मुलाला शाळेच्या संगणकावर मराठीत निबंध लिहिता येत नसेल, तर ते यंत्र त्याच्यासाठी घेतले असे कसे म्हणायचे? हा प्रश्न अभियंत्याला सुचणार नाही. तो भाषेच्या शिक्षकाला सुचेल. परंतु तांत्रिक विनिर्देश ठरवताना त्याला विचारतो कोण?

पुस्तके की संगणक, हा आपल्या वर्तुळातला वाद आम्हांला लटका वाटतो. ग्रंथालयांसाठी गठ्ठ्याने झालेल्या पुस्तकखरेदीची गत वेगळी नाही. मागणी शाळेतून, लेखी, शिक्षकाच्या सहीने वर जावी आणि खरेदीच्या रकमेतच देखभालीचा वाटा बाजूला काढावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. त्याचबरोबर निर्लेखनाची प्रक्रिया सोपी करावी. आज जडवस्तू नोंदवहीतून एखादा बंद पडलेला संगणक कमी करायचा तर प्रस्ताव, तपासणी, मंजुरी अशी वारी घडते. तोवर वर्गाचा एक कोपरा जुन्या मॉनिटरांनी अडलेला राहतो आणि वार्षिक माहितीच्या तक्त्यात शाळेकडे संगणक ‘उपलब्ध’ असतात.