संघ मालकाचा, स्टेडियम सरकारचं. आपल्या पोरांना मॅट कोण देणार?

अल्टिमेट खो-खो लीग २०२२ मध्ये सुरू झाली. संघ ६, पण पहिल्या हंगामाचे सगळे सामने पुण्याच्या बालेवाडीतच. दुसरा हंगाम कटकला. मालकांकडे संघ आहेत, स्वतःचं स्टेडियम नाही. बालेवाडी संकुल तर १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी सरकारी पैशातून उभं राहिलं. पहिला विजेता ओडिशा; त्या संघाचं मालक राज्य सरकारच.

आपली रिसोड, मानोऱ्याची पोरं मातीवर खेळतात, लीग मात्र मॅटवर, छताखाली. कोणी मालक इथं हॉल बांधायला येणार नाही. तो तालुका क्रीडा संकुलातच मागावा लागेल. अन् मागताना एक विचारा: बांधल्यावर देखभालीचा, लाइटबिलाचा खर्च कोण देणार? नाहीतर हॉलला कुलूपच लागेल.