सारखे चेहरे, वेगळे अंगठे

जुळ्या बहिणींची रहस्यकादंबरी म्हटली की निम्मे कथानक वाचकाला आधीच पाठ असते. एक साधी, एक बनेल. लहानपणी कधीतरी बिनसलेले, पुढे वर्षानुवर्षे येणेजाणे बंद. गुलशन नंदांच्या कथेवरचा 1971चा 'शर्मिली' चित्रपट साध्या-बनेल जोडीच्या पायावर उभा होता आणि 2024मध्ये आलेल्या 'दो पत्ती'लाही तोच पाया पुरला. मधल्या काळात पडद्यावरून आणि पुस्तकांतून अशा किती जोड्या येऊन गेल्या! वाचक मात्र दर वेळी एकाच प्रश्नामागे धावत राहतो, की यातली खरी कोण?

मंडणगडातल्या एका वाचक ताईंनी मागे विचारले, "जुळ्या बहिणींवरचे चांगले रहस्य वाचायचे तर काय वाचू?" मी अगाथा ख्रिस्तीच्या 'एलिफंट्स कॅन रिमेंबर'चे नाव सांगितले. 1972ची ही कादंबरी. नवराबायको कड्यावर गोळ्या लागून मेलेले सापडतात, आणि कोणी कोणाला मारले हे बऱ्याच वर्षांनंतर गुप्तहेर पोयरो शोधू लागतो. बायकोला एक जुळी बहीण असते. चार टोप आणि एक कुत्रा यांच्या आधारे तो जे शोधून काढतो, ते इथे सांगून कोणाचा रस मारत नाही. पण ताईंनी पुस्तक परत करताना जे म्हटले ते मला पटले. "कोडे सुटले, पण बहिणी कळल्या नाहीत." एका बहिणीच्या डोक्यात बिघाड होता, एवढे सांगून लेखिका मोकळी होते. माणूस वेडे ठरले की त्याच्या रागाचे कारण शोधावे लागत नाही. मला ही पळवाट वाटते, आणि या प्रकारातल्या बहुतेक लेखकांनी ती धरली आहे.

आपल्याकडे 'खरा कोण' या प्रश्नाची, म्हणजे तोतयाच्या रहस्याची परंपरा कादंबरीपेक्षा जुनी आहे. पानिपतावर 14 जानेवारी 1761ला सदाशिवरावभाऊ नाहीसे झाले आणि पुढे 'मीच भाऊ' म्हणणारा माणूस उभा राहिला. रत्नागिरीच्या किल्ल्यात तो कैदेत होता. 1776मध्ये तिथल्याच अधिकाऱ्याच्या साथीने तो सुटला, कोकणातले अनेक किल्ले त्याच्या हाती गेले आणि लोक त्याच्या बाजूने उभे राहिले. हे बंड मोडून काढणारे नाना फडणवीस आपल्याच मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या भानू घराण्यातले. न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. माणूस खोटा ठरला, त्याला देहान्त शासन झाले, कोडे संपले. पण भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत वैधव्य स्वीकारले नाही. या साऱ्या प्रकरणात मन धरून ठेवते ती त्यांची गोष्ट. तोतयाचा उलगडा झाला तरी ती उलगडत नाही.

मराठी रहस्यकथेने बायकांची ही बाजू फारशी धरली नाही. बाबुराव अर्नाळकर, म्हणजे मूळचे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि घराघरांत वाचनाची गोडी लावली. ते ऋण मोठे आहे. पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. झुंजार, काळा पहाड, दारा बुलंद, फिरोज इराणी हे या कथांचे नायक म्हणजे सगळी धावणारी, झुंजणारी पुरुषमाणसे. बाई असायची ती बहुधा वाचवण्यापुरती किंवा फसवण्यापुरती. दोन बहिणी एकमेकींशी का बोलत नाहीत, हा प्रश्न त्यांच्या कथांत रहस्य म्हणून मोजलाच गेला नाही.

आपल्या भागात मात्र तोच प्रश्न घरोघरी आहे. दोघी बहिणी वेगळ्या वेळी माहेरी येतात. एकीचा गणपतीतला मुक्काम संपला की दुसरी येते. विचारले तर "काही नाही, असेच," म्हणतात. खोदून विचारले तर बोलणे हळूहळू सातबारावर येते. साडीचोळी करून बहिणीची सही घ्यायची, हक्कसोडपत्र करायचे आणि भावाचे नाव लावायचे ही आपल्याकडची रूढ वाट. एक बहीण सही देते, दुसरी देत नाही. न देणारी वाईट ठरते. देणारी चांगली म्हणवून घेते, पण पुढे आयुष्यभर तिला ते लागून राहते.

आता इथे जुळ्या बहिणी आणून पाहा. महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात केलेली दुरुस्ती 22 जून 1994ला अमलात आली. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध वाटा मिळाला. मात्र त्या तारखेच्या आधी लग्न झालेली मुलगी त्यातून वगळली होती. म्हणजे एका आईच्या पोटी, एकाच रात्री, घटकाभराच्या अंतराने दोघी जन्मलेल्या. थोरलीचे लग्न 1994च्या मे महिन्यात झाले, धाकटीचे दिवाळीनंतर. धाकटी भावाच्या बरोबरीची हिस्सेदार झाली, थोरलीला तो जन्मसिद्ध वाटा मिळाला नाही. जन्माने जे वेगळे केले नाही ते लग्नाच्या मुहूर्ताने केले. पुढे 9 सप्टेंबर 2005च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट गेली आणि 11 ऑगस्ट 2020ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात हा हक्क जन्मानेच येतो हे पक्के केले. पण मधली 11 वर्षे? त्या वर्षांत कोण कोणाशी काय बोलले, कोणी कोणाचे दार बंद केले, हे न्यायालयाच्या निकालाने पुसले जात नाही. जुळ्या बहिणींच्या वैराचे इतके खरे, इतके आपल्या मातीतले कारण मला कुठल्याही परदेशी कादंबरीत भेटलेले नाही.

रहस्यालाही इथे कमतरता नाही. एकाच बीजाच्या जुळ्यांचा चेहरा सारखा असतो, नेहमीच्या डीएनए चाचणीतही दोघी वेगळ्या ओळखता येत नाहीत. पण बोटांचे ठसे वेगळे असतात. ते गर्भातच घडतात आणि जुळ्यांचेही जुळत नाहीत. विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने 1858मध्ये बंगालात करारावर हाताचा ठसा घेतला, तो पुढे कोणी सही नाकारू नये म्हणून. तोच धागा पुढे आपल्या दुय्यम निबंधक कार्यालयातल्या अंगठ्यापर्यंत आला. समजा, दस्त नोंदवायला थोरलीच्या जागी धाकटी जाऊन उभी राहिली. फोटो जुळला, साक्षीदारांनी मान डोलावली, भाऊ गप्प राहिला. कागदावर उठलेला अंगठा मात्र धाकटीचाच. तो कागद पेटीत पडून राहतो, आणि 20 वर्षांनी भाची जमीन विकायला निघते तेव्हा बाहेर येतो. एक बहीण वेळासला, दुसरी सावित्रीच्या खाडीपलीकडे श्रीवर्धनला दिलेली. मध्ये वेसवी ते बागमांडला फेरीबोट. काही मिनिटांचे पाणी, जे दोघींनी इतकी वर्षे ओलांडलेले नाही.

अशा कादंबरीत अंगठा कोणाचा, हे मधल्याच प्रकरणात सांगून टाकावे. वाचकाला शेवटपर्यंत धरून ठेवायचे ते धाकटीने तो का दिला यावर. लोभ होता, की भावाचा धाक? की थोरलीला जन्मसिद्ध वाटा मिळणार नाही हे कायद्याने सांगितल्यावर, तिचे नाव कुठेतरी लागावे म्हणून केलेली वेडी धडपड?

मंडणगड, दापोली, श्रीवर्धन भागातल्या लिहित्या बायांना माझे सांगणे आहे की ही कादंबरी तुम्ही लिहायला घ्या. पोलीस, पिस्तूल, वाडा यांच्यापाशी अडू नका. माहेरच्या जमिनीच्या जुन्या फेरफारांची नक्कल रीतसर अर्ज करून काढता येते. ती काढा, नावे कधी कमी झाली ते वर्षवार पाहा, आणि ज्या आत्यामावश्यांची नावे तिथे कमी झाली आहेत त्यांच्याशी त्या हयात आहेत तोवर बोलून घ्या.