वाढीव हमी आणि वाढीव दिवे

आपल्या गावांतून मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. पहाटेचे दुधाचे कॅन, आठवड्याच्या बाजाराची पोती, दवाखान्यात न्यावयाची म्हातारी आणि रविवारच्या मिस्सेला येणारे सबंध कुटुंब, हे सारे तिच्याच पाठीवर येते. (कायद्याप्रमाणे तिच्यावर दोघांनीच बसावे, परंतु तो विषय आज नको.) पूर्वी बैल आजारी पडला म्हणजे घर बसत असे, तसे आज गाडी बिघडली म्हणजे बसते. म्हणूनच गाडी घेताना शोरूममधील माणूस ‘वाढीव हमी घ्या’ म्हणाला की आपली माणसे उसनवारी करूनही ते पैसे भरतात. ही हमी कशाने हातची जाते, याविषयी आज चार शब्द लिहावे असे आम्ही योजिले आहे.

मूळ हमी कारखानदार गाडीबरोबरच देतो. ती ठरावीक वर्षांची किंवा ठरावीक किलोमीटरांची असते, आणि दोहोंपैकी जे आधी पुरे होईल तेथे ती संपते. तिच्यापुढील काळासाठी वेगळे पैसे भरून घेतात ती वाढीव हमी. पुष्कळांना हा विमाच वाटतो, तो समज चुकीचा आहे. अपघात, चोरी, पूर यांशी हिचा संबंध नाही. कारखान्याच्या मालात वा बांधणीत दोष निघाल्यास भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचा हा करार आहे. साखळी, ब्रेकशू, क्लचप्लेट, बल्ब असे झिजणारे जिन्नस तिच्यात साधारणतः येत नाहीत. आणि दोन अटी बहुतेक हमीपत्रांत असतात : सर्व्हिसिंग वेळच्या वेळी अधिकृत वर्कशॉपमध्येच व्हावे, आणि गाडीत कारखान्याच्या संमतीवाचून फेरफार होऊ नये.

या दुसऱ्या अटीने आमच्या धर्मग्रामातील एका घरी काय झाले ते सांगतो. मुलगा पहाटे रानातल्या रस्त्याने दूध घेऊन शहरास जातो. पावसाळ्यात त्या रस्त्यावर धुके दाटते, मध्येच गवे आडवे येतात. त्याने बाजारातील मिस्त्रीकडून पुढे दोन जादा दिवे बसवून घेतले. यात कोणी त्याला उधळ्या म्हणेल तर आम्हांस ते मान्य नाही. चार महिन्यांनी गाडीची वीज निर्माण करणारी कॉईल जळाली. शोरूमने सांगितले, तारा कापल्या आहेत, हमी रद्द. येथवर ठीक. परंतु पुढे दोन महिन्यांनी पुढल्या शॉकॲब्सॉर्बरमधून तेल गळू लागले, तेव्हाही तेच उत्तर मिळाले : हमी रद्द. त्या हमीचे पैसे आईने बचत गटाचे कर्ज काढून भरले होते.

कॉईलचा नकार आम्हांस न्याय्य वाटतो. ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे १२ व्होल्टच्या गाडीवर ९ अँपियरहून अधिक प्रवाह खेचतात. शंभर सीसीच्या पुष्कळ गाड्यांची बॅटरी अवघी ३-४ अँपियर-तासांची असते, आणि १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा पुढला दिवा इंजिन चालू असेतो जळतच राहतो, तेव्हा उरणारी वीज ती किती! घरच्या विहिरीवर सबंध गावाचे पोहरे पडावेत तसे होते. त्यात मूळ तार सोलून वर नुसती चिकटपट्टी गुंडाळली, तर पहिल्या पावसात पाणी शिरते. परंतु शॉकॲब्सॉर्बरच्या तेलाचा दिव्याशी काय संबंध? कोणता बदल कोणत्या बिघाडास कारण झाला, हे पाहिल्यावाचून सगळीच हमी गुंडाळून ठेवणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

हाच विचार इतर फेरफारांना लावून पाहावा. मोठे टायर घातले तर चाकाच्या बेअरिंगवर आणि स्पीडोमीटरवर परिणाम होणारच. दुधाच्या कॅनसाठी लोखंडी सांगाडा नटबोल्टने बसविला तर तो काढता येतो. तोच चेसिसला वेल्डिंग केला तर चेसिसच्या हमीची आशा सोडावी. सीटवर कव्हर शिवून घेतल्याने मात्र इंजिन बिघडत नाही. आणि सायलेन्सर! १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या गाड्यांत सायलेन्सरच्या मार्गावरच धूर शुद्ध करणारे यंत्र आणि प्राणवायू मोजणारा सेन्सर असतो. त्या मापावर इंजिनास पेट्रोल किती द्यावे हे ठरते. तो मार्ग बदलला की माप चुकते आणि इंजिन तापू शकते.

तरुण मंडळी मोबाईलवरील चित्रफिती पाहून आम्हांस सांगतात की, बदलामुळेच बिघाड झाला हे कंपनीनेच सिद्ध केले पाहिजे, असा कायदा आहे. कायदा आहे, परंतु तो अमेरिकेचा, १९७५ सालचा. आपल्याकडे त्याचा आधार चालत नाही. आपला आधार २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. वाजवी कारणावाचून सेवा नाकारली, तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. त्याआधी १९१५ या क्रमांकावर दूरध्वनी करून पाहावा. मात्र तोंडी नकार कामाचा नाही. कोणता भाग, कोणत्या कारणास्तव नाकारला, हे जॉबकार्डावर लिहून मागावे. लिहून देण्याची वेळ आली म्हणजे पुष्कळदा भाषा सौम्य होते, असा आमचा अनुभव आहे.

काही फेरफार मात्र हमीच्या प्रश्नापलीकडचे आहेत. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये गाडी नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत करता येत नाही. मनाई असलेल्या फेरफारास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. काही मुले गाडी देखणी दिसावी म्हणून साडीगार्ड काढून टाकतात. मागल्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे ते संरक्षण नियमानेच घातलेले आहे, आणि त्या सीटवर त्यांचीच आई बसते. फुटक्या आवाजाच्या सायलेन्सरविषयी तर प्रेतयात्रेच्या मागून अशी गाडी ज्यांनी ऐकली आहे त्यांस आम्ही काय सांगावे?

ज्यांना जादा दिवे खरोखरच हवेत त्यांनी कारखान्याने मान्य केलेले, कमी वीज खाणारे एल.ई.डी. दिवे अधिकृत वर्कशॉपमध्येच बसवावेत, तार न कापता कपलरने जोडून घ्यावेत, आणि बिलावर व सर्व्हिस बुकात त्याची नोंद करून घ्यावी. काढलेले मूळ भाग भंगारात देऊ नयेत.

वर सांगितलेल्या घरची तक्रार शॉकॲब्सॉर्बरपुरती आयोगाकडे गेली आहे. कॉईलचा खर्च मुलाने स्वतः सोसला. निकाल यावयाचा आहे. आपले हमीपत्र इंग्रजीत असल्यामुळे ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी ते रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आमच्या कार्यालयात आणावे. आपल्या शाळेचे एक शिक्षक ते मराठीत समजावून देतील. येताना सर्व्हिस बुकही आणावे.