आधी ब्रेक, मग रंग

तुळजापूरचा घाट उतरत होतो. गाडीत अम्मी, बायको आणि दोन मुलं. सोलापूरला एका वलीम्याला निघालो होतो. दुसऱ्या वळणावर ब्रेक दाबला तर पेडल मऊ लागलं. पुन्हा दाबला, ते थेट तळाला गेलं. तिसऱ्यांदा दाबल्यावर थोडं वर आलं. तेवढ्यात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, हातब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या नालीत डावी चाकं घालून गाडी थांबवली. कुणाला खरचटलंही नाही. पण अम्मी कितीतरी वेळ रस्त्याच्या कडेला तस्बीह ओढत बसली होती आणि माझे हात थरथरत होते.

लाज वाटावी अशी गोष्ट पुढे आहे. ही गाडी दोनच महिन्यांपूर्वी मी ‘नवी’ करून घेतली होती. नवा रंग, नवी सीट कव्हर्स, चकचकीत बंपर, गाणी ऐकायला यंत्र. सारा खर्च डोळ्यांना आणि कानांना सुख देणाऱ्या वस्तूंवर झाला. ब्रेकवर एक रुपयाही नाही, कारण ब्रेक ‘लागत होते’.

गाडी १९७९ची प्रीमियर पद्मिनी. अब्बांनी ती मुंबईच्या एका पारशी गृहस्थाकडून सेकंडहँड घेतली होती. आरसीवर अजून उस्मानाबादच आहे. अब्बा गेल्यावर ती विकायचा विषय घरात दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा अम्मीने तो बंद केला. आपल्या भागाशी या गाडीचं एक नातंही आहे. ती बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी केली आणि वालचंद शेजारच्या सोलापूरचे. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर ही गाडी तयार होई. सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली, तेव्हा पेपरांनी तिच्यावर निरोपाचे लेख लिहिले. आठवणी खूप निघाल्या. ब्रेकबद्दल कुणी लिहिलेलं मला तरी दिसलं नाही.

घाटातून गाडी ओढून आणली ती थेट आमच्या उस्तादांकडे. साठी ओलांडलेला माणूस. वयाच्या अकराव्या वर्षी पाना हातात घेतला, शाळा चौथीत सुटली. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, पुढचं चाक वर-खाली धरून हलवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “सर, घर को रंग दिये, पाया देखेच नै.”

मग एकेक निघत गेलं. पुढच्या डाव्या चाकाचा व्हील सिलिंडर गळत होता आणि ऑइल लायनरवर उतरलं होतं. ड्रम आतून अंडाकृती झाला होता. किंगपिनचे बुश इतके झिजले होते की चाक हाताने डुलत होतं. टाय रॉडच्या टोकांना प्ले होता. स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकाला पत्ता नसायचा. मी वर्षानुवर्षं त्याला ‘जुन्या गाडीची सवय’ समजत होतो. आमच्या गाडीत चारही चाकांना मिळून ब्रेकची एकच लाइन आहे. एका चाकाचं ऑइल गेलं की चारही चाकांचा ब्रेक जातो.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये एक वाक्य नेहमी ऐकू येतं: “ओरिजिनल आहे ते ओरिजिनल ठेवा.” मी स्वतः हे वाक्य अनेकदा म्हटलं आहे. आता वाटतं, ते अर्धवट आहे. गाडी ओरिजिनल राहिली, पण रस्ता ओरिजिनल राहिला का? पद्मिनी ज्या काळात आखली गेली, तेव्हा आपल्याकडच्या एकेरी डांबरी रस्त्यावर ५०-६०चा वेग म्हणजे चैन होती. आज धाराशिववरून जाणारा सोलापूर-धुळे महामार्ग चौपदरी आहे. तिथे ८०ने चालणाऱ्यालाही मागचा ट्रक हॉर्न मारतो. पुढे चालणाऱ्या नव्या गाडीला एबीएस असतं. एप्रिल २०१९पासून प्रत्येक नव्या मोटारीला ते सक्तीचं आहे. ती जिथे थांबते, तिथे आपण थांबत नाही.

वर्गात शिकवतो तसं सांगतो. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. माणसांसह आमची गाडी साधारण १,२०० किलोची धरा. ताशी ४०वरून ती थांबवली तर जेवढी उष्णता तयार होते, तेवढ्यात दोन कप चहाचं पाणी उकळेल. ८०वरून थांबवली तर पाऊण लिटरहून जास्त पाणी उकळेल. ही सगळी उष्णता ब्रेकला झेलावी लागते, त्यातही जास्त वाटा पुढच्या चाकांना, कारण ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो. घाटात तर हिशोब आणखी अवघड. फक्त १०० मीटर उंची उतरताना, सगळं काम ब्रेकवर सोपवलं, तर ८०वरून चार वेळा थांबवण्याइतकी उष्णता तयार होते.

ड्रम ब्रेकची अडचण इथेच आहे. उष्णता बंद डब्यात कोंडते. ड्रम तापून फुगतो, लायनरपासून दूर जातो, पेडल खाली जातं. लायनरची पकड कमी होते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, आणि जुनं झालेलं ऑइल कमी तापमानाला उकळून त्यात वाफ तयार होते. वाफ दाबली जाते, चाकापर्यंत जोर पोचत नाही. डिस्क ब्रेक उघडा असतो, वारा लागून लवकर थंड होतो, पावसात लवकर कोरडा होतो. म्हणून पुढच्या दोन चाकांना डिस्क लावणं ही चैन नाही, असं माझं मत आहे.

पण ‘डिस्क लावून टाका’ इतकं ते सोपंही नाही. उस्तादांकडून जे शिकलो ते मांडतो, कारण हे मराठीत लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही.

पहिली गोष्ट, आधी गाडी मूळ अवस्थेला आणा. किंगपिन, बुश, टाय रॉडची टोकं, स्टिअरिंग बॉक्सचा प्ले, शॉकअब. झिजलेल्या किंगपिनवर डिस्क लावली तर ब्रेक लागताच गाडी एका बाजूला ओढेल, पूर्वीपेक्षा जोरात. दुरुस्ती झाल्यावर अलाइनमेंट करा आणि ग्रीस विसरू नका. या पुढच्या भागाला वेळोवेळी ग्रीस लागतं. नव्या गाड्यांच्या सवयीने आपण ते विसरतो.

दुसरी, ब्रेक हा एकट्या चाकाचा विषय नाही. ड्रमचा शू फिरत्या ड्रमसोबत स्वतःच आत ओढला जातो, त्यामुळे पायाला जोर कमी लागतो. डिस्कमध्ये ते होत नाही. म्हणून बूस्टर लागतो, आणि मास्टर सिलिंडरही मापाचा आणि शक्यतो दोन वेगळ्या लाइनींचा लागतो. पुढे-मागे जोराचं प्रमाण चुकलं तर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी फिरते. भंगारातून मिळाली म्हणून लावली, असं इथे चालत नाही.

तिसरी, स्टिअरिंगच्या दांड्याला किंवा चाकाच्या स्टबला वेल्डिंग कधीही करू नका. ते घडीव पोलाद असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने त्याची ताकद बदलते आणि एक दिवस ते इशारा न देता तुटतं. कॅलिपरचा ब्रॅकेट मूळच्या छिद्रांवर, जाड पत्र्यातून लेथवर नीट बनवून, बोल्टनेच बसला पाहिजे.

चौथी, दुसऱ्या गाडीची स्टिअरिंग रॅक बसवायचा मोह टाळा. टाय रॉडची लांबी सस्पेन्शनच्या हातांशी जुळली नाही तर प्रत्येक खड्ड्यात चाक आपोआप वळतं. चालवणारा सरळ धरतो, गाडी स्वतः वाट काढते. आणि टायर: एकाच ॲक्सलवर एका बाजूला रेडियल, दुसरीकडे जुन्या धाटणीचं नायलॉन टायर, असं कधीच नको.

आता कायद्याकडे येतो, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. कायद्याचा हेतू मला मान्य आहे. छत कापणारे, कर्कश सायलेन्सर लावणारे, चेसिस लांबवून माणसं कोंबणारे आपण रोज पाहतो. त्यांना आवर हवाच.

पण याच कलमात सीएनजी किटला वाट ठेवलेली आहे. किटला मंजुरी मिळते, ठरलेल्या केंद्रात ते बसतं, आरसीवर नोंद होते. इंधन बदलायला सरकारने रस्ता काढला, तर जुन्या गाडीचा ब्रेक सुधारायला का काढू नये? पुण्यात १९६६पासून एआरएआयसारखी वाहन तपासणारी संस्था आहे. पद्मिनी, ॲम्बेसेडर, जुनी जीप अशा मोजक्या गाड्यांसाठी तपासलेले ब्रेक किट मंजूर करणं तिला जड नाही. शंभरी गाठलेल्या मोटारींचा प्रश्न वेगळा. २०२१च्या नियमांत ५० वर्षांवरच्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी आहे आणि ती रोजच्या वापरासाठी नाही. प्रश्न आमच्यासारख्यांचा आहे, ज्यांची गाडी जुनी आहे पण अजून घरच्यांना घेऊन रस्त्यावर धावते.

वाट नसल्यामुळे काय होतं? ब्रेकचा प्रकार आरसीवर छापलेला नसतो, म्हणून लोक म्हणतात, कुणाला कळतंय. मग चोरून काम होतं. कुणी तपासत नाही, बिल मिळत नाही. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी बोट ठेवते. आणि सगळ्यात आधी पकडला जातो तो मिस्त्री, ज्याच्याकडे स्वतःच्या नावाचा एक कागद नाही.

हा मिस्त्री कोण असतो, हे या ब्लॉगच्या वाचकांना सांगायला नको. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात गॅरेज, लेथ, वेल्डिंग, रेडिएटर, बॅटरी यांच्या रांगेतून चाला. तिथे आपलीच पोरं दिसतात. त्यातली काही माझ्या वर्गातून उठून गेलेली आहेत. आठवीतला एक मुलगा गेल्या वर्षी आला नाही. चौकशी केली तर उस्तादांकडेच पाने पुसताना सापडला. मी रागावलो. उस्ताद शांतपणे म्हणाले, “सर, मैं इसको काम सिखा सकता हूँ, कागद नै दे सकता. कागद तुम देव.”

त्या वाक्याने मला गप्प केलं. ‘मेकॅनिक मोटर व्हेइकल’चा दोन वर्षांचा कोर्स आयटीआयमध्ये आहे, पण त्याला दहावी लागते. काम करत शिकलेल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची केंद्र सरकारची सोयही आहे, पण ती गॅरेजच्या रांगेपर्यंत चालत आलेली मी पाहिली नाही. आपल्या अंजुमनांनी, शिक्षक मंडळींनी तिची माहिती तिथे नेली पाहिजे. हुनर आपल्याकडे आहे म्हणून नुसतं फुशारून चालणार नाही. ज्याच्या हाती लोकांचे ब्रेक आहेत, त्याला वाचता आलं पाहिजे, मोजता आलं पाहिजे आणि केलेल्या कामाखाली सही करता आली पाहिजे. त्या मुलाशी आता ठरलं आहे: सकाळी शाळा, दुपारी चारनंतर गॅरेज. दहावीपर्यंत हा करार मोडायचा नाही. उस्तादांनीही हात मिळवून कबूल केलं आहे.

आणि आमची गाडी? किंगपिन, बुश, टाय रॉडची टोकं, चारही व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, होज पाइप, नवे ड्रम, नवं ऑइल. सगळं मूळ मापाचं. डिस्क लावलेली नाही. तिच्यासाठी मी आरटीओकडे लेखी विचारणा केली आहे आणि उत्तराची वाट पाहतो आहे. तोवर ६०च्या पुढे जात नाही, घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो, मागच्याने हॉर्न मारला तर बाजू देतो. निघण्याआधी ब्रेक ऑइलची पातळी बघतो आणि पेडल तीनदा दाबून पाहतो.

गेल्या महिन्यात त्याच घाटाने पुन्हा गेलो. अम्मी पुढच्या सीटवर होती. खाली सपाटीला आल्यावर तिने तस्बीह पर्समध्ये ठेवली आणि एवढंच विचारलं, “रंग कुठे उडालाय रे बोनेटचा?” उडाला होता खरा, उस्तादांच्या पान्याने. तो आता तसाच राहू दे म्हटलं.